‘आधी खात्री करून घेऊ’

२० ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले आणि जवळपास दहा तास हलले नाहीत. कर्जत मार्गावरची वाहतूक कोलमडली. मध्य रेल्वेच्या प्रवाशाला रेल रोको नवा नाही. २ जानेवारी २०१५ रोजी दिव्यातही लोक असेच रुळांवर आले होते. पण तेव्हाचा राग रखडलेल्या लोकलचा होता, बदलापूरचा राग रखडलेल्या तक्रारीचा. बालवाडीत जाणाऱ्या दोन मुलींवर शाळेतल्याच सफाई कामगाराने अत्याचार केल्याची तक्रार घेऊन पालक १६ ऑगस्टला पोलीस ठाण्यात गेले होते आणि गुन्हा नोंदवून घ्यायला सुमारे बारा तास लागले होते.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. आरोपीला १७ तारखेला अटक झाली, २३ सप्टेंबरला पोलिसांच्या गोळीने त्याचा मृत्यू झाला आणि चर्चा चकमकीकडे वळली. याच प्रकरणाचा दुसरा धागा मात्र वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर राहिला. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव यांच्यावरही गुन्हा दाखल झाला होता. त्यांनी मुलींना हात लावल्याचा आरोप नव्हता. प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवलं नाही, एवढाच ठपका होता. ऑक्टोबरमध्ये त्यांना अटक झाली, पुढे जामीन मिळाला. अनेक वाचकांना तेव्हाच पहिल्यांदा समजलं की असं गप्प बसणं हासुद्धा आपल्याकडे गुन्हा आहे.

हा गुन्हा १४ नोव्हेंबर २०१२ पासून, म्हणजे पोक्सो कायदा लागू झाला त्या दिवसापासून आहे. कायद्याचं १९वं कलम कुठल्याही पदाचा, नात्याचा किंवा व्यवसायाचा उल्लेख करत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा तसा गुन्हा घडेल अशी ज्याला भीती वाटते, त्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं आहे. त्यात शिक्षिका, डॉक्टर, शेजारीण, स्कूल व्हॅनचा चालक, मामा, आजी, सगळे आले. २०वं कलम माध्यमं, हॉटेल, लॉज, रुग्णालय, क्लब, स्टुडिओ यांना वेगळं बांधून घेतं. न कळवणाऱ्याला २१व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. फक्त मुलाला या शिक्षेतून वगळलं आहे.

२०१२ पूर्वीची स्थिती पाहिली की ही तरतूद किती मोठी उडी होती ते लक्षात येतं. जुन्या दंडप्रक्रिया संहितेच्या ३९व्या कलमात नागरिकाने स्वतःहून कळवण्याच्या गुन्ह्यांची यादी होती. खून, दरोडा, बनावट नोटा हे सगळं तिच्यात होतं. बलात्कार नव्हता, मुलावरचा अत्याचार तर नव्हताच. शेजारी खोट्या नोटा छापताना दिसला तर पोलिसांना सांगणं बंधनकारक होतं, त्याने पोराला खोलीत ओढून नेलं तर सांगणं ऐच्छिक.

ऐच्छिक कामाची गती काय असते, हे कुलाब्याच्या अँकरेज आश्रयगृहांनी दाखवलं. रस्त्यावरच्या मुलांसाठी परदेशी माणसांनी चालवलेल्या या घरांबद्दलच्या तक्रारी चाइल्डलाइन आणि बालहक्कांसाठी लढणाऱ्या वकील महारुख अडेनवाला यांनी २००१ मध्ये लावून धरल्या. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये शिक्षा सुनावली, २००८ मध्ये उच्च न्यायालयात आरोपी सुटले, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. तोवर त्या घरांमधली मुलं मोठी झाली होती.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यासही पोक्सोच्या आधीचाच. तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या त्या पाहणीत ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीतले किंवा विश्वासाच्या जागेवरचे होते आणि बहुतेक मुलांनी कुणाजवळही तोंड उघडलं नव्हतं. मूल स्वतः बोलणार नसेल, तर त्याच्या भोवतीच्या मोठ्या माणसांनी बोललं पाहिजे, हा १९व्या कलमाचा पाया आहे.

कायद्याने हे ठरवून टाकलं, तरी ‘आधी खात्री करून घेऊ’ हे वाक्य शाळेत, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात आणि घरात अजून रोज ऐकू येतं. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही. एखाद्याचं आयुष्य उगाच बरबाद होऊ नये, ही काळजीही असते. पण कायद्याने खात्री करायचं काम कळवणाऱ्याकडे दिलेलंच नाही. ते तपासणाऱ्याचं काम. कळवणाऱ्याने फक्त शंका योग्य जागी पोचवायची आहे.

शाळेपासून सुरुवात करू. पालक बाईंना सांगतात, बाई मुख्याध्यापिकेला, मुख्याध्यापिका संस्थेला. संस्था बैठक बोलावते. एक अंतर्गत समिती नेमली जाते, शिपायाला बोलावून विचारलं जातं, मुलीला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावलं जातं, सीसीटीव्ही ‘बघतो’ असं म्हटलं जातं. या सगळ्याला चौकशीचं रूप असतं, म्हणून करणाऱ्यांना आपण कर्तव्यच करतो आहोत असं वाटतं. प्रत्यक्षात त्या काळात आरोपीला सावध व्हायला वेळ मिळतो, कपडे धुतले जातात आणि मुलीचा जबाब इतक्या तोंडांतून गेलेला असतो की पुढे बचावाचा वकील त्यावरच बोट ठेवतो. वरिष्ठांना सांगितलं म्हणजे आपलं काम झालं, असं मानणाऱ्या बाईंचीही यात फसगत होते. १९वं कलम पोलिसांना कळवा म्हणतं, मुख्याध्यापिकेला नाही.

दवाखान्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातूनच गेला. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं २०१९ मध्ये उघडकीस आलं. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला प्रकार माहीत होता आणि त्याने कळवलं नाही, असा आरोप होता. नागपूर खंडपीठाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला. तातडीने आणि नीट कळवणं हाच या कायद्याचा कणा आहे, डॉक्टरला माहीत होतं की नाही हे पुराव्यावर ठरू द्या, खटला दारातच संपवू नका, असा त्या निकालाचा रोख होता.

या निकालाशेजारी २०१८ चा केरळचा निकाल ठेवून वाचावा लागतो. प्रसूतीसाठी आलेल्या मुलीचं वय रुग्णालयात अठरा सांगितलं गेलं होतं. ती अल्पवयीन असल्याचं नंतर कळलं आणि रुग्णालयातल्या मंडळींवर न कळवल्याचा गुन्हा लागला. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. डॉक्टरने पोलिसासारखा शोध घेऊन माहिती मिळवावी, असं कायदा म्हणत नाही, हे तिथे स्पष्ट झालं. दोन्ही निकाल जुळवले की अर्थ सरळ आहे. शोधायला जाऊ नका, पण समोर आलेलं झाकूही नका.

तिसरी जागा पोलीस ठाण्याची, आणि कायदा इथे सर्वांत काटेकोर आहे. आलेल्या माहितीला नोंद क्रमांक द्यायचा, ती लिहून घ्यायची, सांगणाऱ्याला वाचून दाखवायची, नोंदवहीत चढवायची. मूल स्वतः सांगत असेल तर त्याला कळेल अशा साध्या भाषेत लिहायचं. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि अंगावर गणवेश नको. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. चोवीस तासांत बाल कल्याण समिती आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. माहिती नोंदवून न घेणाऱ्यालाही २१वं कलम लागतं, हे पुष्कळ ठाणे अंमलदारांच्या गावी नसतं. बदलापुरात गुन्हा उशिरा नोंदला गेलाच, शिवाय दुसऱ्या मुलीचा जबाब वेळेत घेतला गेला नसल्याचंही उच्च न्यायालयापुढे आलं. स्वतःहून दखल घेतलेल्या न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे आणि पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने शाळा आणि पोलीस दोघांनाही धारेवर धरलं. पोलिसांवर निलंबनाची कारवाई झाली.

चौथी जागा घर, आणि तिथे कायद्याचा हात सगळ्यांत कमी पोचतो.

दिव्याचं उदाहरण घ्या. ठाणे महापालिकेच्या हद्दीतला, मुंब्रा आणि कोपरच्या मधला हा भाग गेल्या काही दशकांत चाळी आणि अनधिकृत इमारतींनी भरून गेला. स्वस्त खोली मिळते म्हणून कोकणातली, घाटावरची, उत्तरेतली कुटुंबं इथे आली. आईवडील पहाटेच्या लोकलला लटकून जातात आणि रात्री परततात. मधल्या वेळात पोर शाळेत, क्लासला, शेजारच्या काकूंकडे, घरमालकाच्या ओट्यावर. खोल्यांच्या भिंती इतक्या पातळ की पलीकडचा कुकर किती शिट्ट्या देतो ते मोजता यावं. इथे काही घडलं तर कुणालाच कळत नाही, हे शक्य नसतं. कळतं. पण आरोपी मुलीचा काका असतो, किंवा घरमालकाचा पोरगा, किंवा ज्याच्या ओळखीवर वडिलांना नोकरी लागली तो गाववाला. भाडेकराराचा कागदही धड नसलेल्या बाईने पोलिसांत जायचं म्हणजे खोली, नोकरी आणि गावाकडचं नातं, तिन्ही पणाला लावायचं. वर ‘त्यांच्या घरातली भानगड, आपण कशाला पडा’ हा शहाणपणा आहेच.

पोक्सोच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगताहेत. अनोळखी माणसाबद्दल कळवायला धैर्य लागत नाही. ओळखीच्याबद्दल लागतं, आणि कायदा नेमकं तेच मागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये शंकर किसनराव खाडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात ही अडचण ओळखली होती. आरोपी कुटुंबातलाच असेल तर पुढची पावलं आई किंवा घरातल्या इतर स्त्रियांशी बोलून, मुलाचं हित पाहून टाका, असं न्यायालयाने तेव्हा सांगितलं. न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, हेही त्याच निकालात आहे.

घराबाहेरच्या साखळीचं उदाहरण डोंबिवलीचं. पंधरा वर्षांच्या मुलीवर २०२१ च्या जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत, व्हिडिओची धमकी देऊन, वेगवेगळ्या ठिकाणी अत्याचार झाल्याचा गुन्हा मानपाडा पोलिसांत नोंदला गेला. आरोपींची संख्या तिसाच्या वर होती. इतके महिने आणि डोंबिवलीपासून मुरबाडपर्यंत इतक्या जागा. त्यातल्या एखाद्या जागेच्या मालकाला, एखाद्या ओळखीच्याला शंका यायला हवी होती की नको, हा प्रश्न २०व्या आणि २१व्या कलमाचाच आहे. चर्चा मात्र अटकेच्या आकड्यावरच थांबली.

कायद्यातही एक मोठं भगदाड आहे. पोक्सो फक्त लैंगिक गुन्ह्यांपुरता. शेजारच्या खोलीत बाप पोराला रोज पट्ट्याने मारत असेल, चटके देत असेल, उपाशी ठेवत असेल, तर शेजाऱ्याने कळवलंच पाहिजे असं १९वं कलम म्हणत नाही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या ७५व्या कलमाखाली अशी क्रूरता हा गुन्हा आहे, पण तो कळवण्याची सक्ती सामान्य माणसावर नाही. त्याच कायद्यात दुसरीकडे सक्ती आहे. हरवलेलं किंवा टाकून दिलेलं मूल तुमच्या ताब्यात आलं तर चोवीस तासांत यंत्रणेला कळवा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड. म्हणजे कल्याण जंक्शनच्या फलाटावर सापडलेल्या पोराबाबत कायदा बोलतो आणि भिंतीपलीकडे रडणाऱ्या पोराबाबत तुमच्या विवेकावर सोडतो. नैतिक कर्तव्य कायद्याच्या पुढे कुठे जातं, याचं याहून स्पष्ट ठिकाण दाखवता येणार नाही.

उलट काही ठिकाणी कायदा विवेकाच्या पुढे गेला आहे. २०१२ मध्ये संमतीचं वय सोळावरून अठरा झालं. सतरा वर्षांची मुलगी आपल्या मर्जीने प्रेमात पडली, गर्भार राहिली आणि आईबरोबर दवाखान्यात आली, तरी डॉक्टरने कळवायचं आणि पोलिसांनी मुलावर गुन्हा नोंदवायचा. परिणाम अपेक्षितच होता. पोलिसांच्या भीतीने मुली सरकारी रुग्णालय टाळून गल्लीतल्या भोंदू डॉक्टरकडे किंवा औषधाच्या दुकानात जाऊ लागल्या. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी यावर अर्धा मार्ग काढला. गर्भपातासाठी आलेल्या अशा अल्पवयीन मुलीबद्दल डॉक्टरने कळवावं, पण मुलीची आणि तिच्या पालकांची विनंती असेल तर तिचं नाव आणि ओळख देऊ नये. पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात २०२५ च्या मे महिन्यात न्यायालयाने त्याही पुढे जाऊन मान्य केलं की, समाज, कुटुंब आणि कायद्याची यंत्रणा यांनीच त्या मुलीवर अन्याय केला. आरोपी आता तिचा नवरा होता. त्याला पुन्हा तुरुंगात न पाठवण्यासाठी न्यायालयाला आपले विशेष अधिकार वापरावे लागले.

बाहेरच्या जगानेही या दोन्ही टोकांना धडका दिल्या आहेत. डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प यांनी १९६२ मध्ये मारहाण झालेल्या मुलांच्या जखमांवर निबंध लिहिला आणि पाचच वर्षांत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांनी कळवण्याच्या सक्तीचे कायदे केले. लक्षात घ्या, तिथली सुरुवात हाडं मोडलेल्या पोरांपासून झाली, लैंगिक अत्याचारापासून नव्हे. पण सक्तीबरोबर खबरींचा पूर आला. चौकशी झालेल्या बहुसंख्य खबरींत काही सिद्ध होत नाही, आणि गरीब, कृष्णवर्णीय घरांची दारं जास्त ठोठावली जातात, अशी टीका तिथे आहे. आयर्लंडने २०१७ च्या अखेरीस शिक्षक, डॉक्टर, समाजसेवक अशा ठरावीक व्यवसायांनाच बांधून घेतलं, पण न कळवण्याला थेट फौजदारी शिक्षा ठेवली नाही. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय चौकशी आयोगाने २०२२ मध्ये सक्तीची शिफारस केली. त्यानंतर सरकारने आणलेल्या विधेयकात वेगळाच विचार दिसतो. न कळवणाऱ्यापेक्षा, कळवू पाहणाऱ्याला अडवणारा माणूस तिथे गुन्हेगार धरला आहे.

कळवायचं तर नेमकं करायचं काय? १०९८ हा क्रमांक १९९६ मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेतून जेरू बिलिमोरिया यांनी सुरू केलेल्या चाइल्डलाइनचा. २०२३ पासून तो सरकारी यंत्रणेकडे गेला आणि ११२ शी जोडला गेला. कुठल्याही पोलीस ठाण्यात सांगता येतं. हद्दीचा वाद घालून परत पाठवणं बेकायदा आहे. काय पाहिलं, कधी पाहिलं, मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, आणि मूल आत्ता कुठे आहे, एवढं सांगणं पुरेसं असतं. मुलाला खोदून खोदून विचारायचं नाही. आरोपीला जाब विचारायला जायचं नाही. गावातल्या ग्रुपवर फोटो किंवा नाव टाकायचं तर मुळीच नाही. मुलाची ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि बदलापूरच्या वेळी फॉरवर्डची साथ आली तेव्हा तो किती सहज घडतो ते दिसलं. ‘उद्या खोटं निघालं तर?’ या भीतीला १९व्या कलमातच उत्तर आहे. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. शिक्षा आहे ती बदनामी किंवा पैसे उकळण्यासारख्या हेतूने जाणूनबुजून खोटं सांगणाऱ्याला.

बदलापूरनंतर कागद पुष्कळ निघाले. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २१ ऑगस्ट २०२४ रोजीच निर्णय काढून सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि चोवीस तासांत कळवणं शाळांवर बंधनकारक केलं. शाळांमधल्या सखी सावित्री समित्यांची, ज्यांचा आदेश २०२२ पासून होता, तेव्हा नव्याने आठवण झाली. उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली आणि तिच्या शिफारशींच्या आधारे २०२५ च्या मेमध्ये सरकारने शाळांसाठी सविस्तर निर्णय काढला.

या कागदांमध्ये कॅमेऱ्याला जितकी जागा आहे, तितकी कळवणाऱ्या माणसाला नाही. शाळेत गोष्ट सर्वांत आधी कळते ती बालवाडीच्या मावशींना किंवा अकरा महिन्यांच्या करारावरच्या बाईंना. वस्तीत कळते अंगणवाडी सेविकेला, आशाताईंना. संस्थेच्या सचिवाने ‘बाहेर बोलू नका’ म्हटल्यावर यांच्यातली एखादी ठाण्यात गेली, तर सद्‌हेतूचं संरक्षण तिला खटल्यापासून वाचवतं, पुढच्या वर्षीचा करार मात्र वाचवत नाही. तिला गप्प करणाऱ्या सचिवासाठी पोक्सोमध्ये वेगळं कलम नाही. त्याला धरायचं तर न कळवण्याच्या किंवा गुन्ह्याला साथ दिल्याच्या आरोपाखाली धरावं लागतं, आणि त्यासाठीही आधी तिनेच साक्ष द्यावी लागते.